शंभर टक्क्यांच्या बाहेरची पोरं

सकाळी स्टँडवर उतरलो तर समोर भलामोठा फ्लेक्स. 'दहावीचा निकाल १००%. यशाची परंपरा कायम.' खाली पोरांचे फोटो. त्यांचं कौतुक आहेच, राबलीत ती. पण ही शाळा मला माहितीये. नाव घेत नाही.

याच शाळेनं ताईला बोलावून सांगितलं होतं, "नववी कशीबशी झालीये. दाखला काढा आणि दहावीला बाहेरून सतरा नंबरचा फॉर्म भरा." सतरा नंबर म्हणजे शाळेत न जाता परीक्षेला बसायचा फॉर्म, हे ताईला काय माहीत? तिला वाटलं पोराचा सतरावा नंबर आला. दाखला पिशवीत घालून घरी आली आणि गव्हाच्या कोठीखाली ठेवला. दीड वर्ष तो तिथंच होता. भाचा मात्र याच स्टँडवर, गुटख्याची पुडी खिशात. आणि आम्ही? दर लग्नात एकच प्रश्न, "काय रे, पुढं काय?" मीसुद्धा विचारलाय.

मास्तरांवर निकालाचा दबाव असतो, ठीक आहे. म्हणून पोरगं उचलून बाहेर ठेवायचं?

शिक्षणहक्काचा कायदा १४ वर्षांपर्यंत. पंधराव्या वर्षी पोरगं कुणाचं? मुलींसाठी २००४ पासून कस्तुरबा गांधी बालिका विद्यालयं तरी निघाली, राहायची सोय असलेली. तीही सगळीकडे नाहीत.

आणि अशा पोराला परत शिकतं करणं नुसता क्लास लावून होत नाही हो. तास संपला की पोरगं परत त्याच कट्ट्यावर, त्याच टोमण्यांत. तिथून उचलून वर्षभर दुसरीकडे ठेवावं लागतं. पुणे जिल्ह्यातल्या पाबळचा विज्ञान आश्रम हेच करतो. डॉ. श्रीनाथ कलबाग मोठ्या कंपनीतली संशोधनाची नोकरी सोडून त्या दुष्काळी गावात आले आणि १९८३ मध्ये त्यांनी तो उभा केला. शाळेत न रमलेली पोरं तिथंच राहतात. वेल्डिंग, वायरिंग, कोंबड्या, माती परीक्षण. भाच्यालाही तिथंच ठेवलं. आमच्या पठ्ठ्याला अपूर्णांक कळले ते लोखंडी अँगल कापताना. माप चुकलं की अँगल वाया, मग डोकं आपोआप चालतं.

तिसऱ्या आठवड्यात तो पळून आला होता. पळतात पोरं, सगळी टिकत नाहीत, हेही खरंच. ताई एक शब्द बोलली नाही. जेवायला वाढलं आणि पहाटेच्या एसटीनं स्वतः परत नेऊन सोडलं.

दिवाळीला आला तेव्हा मी ताईकडेच होतो. मागच्या दाराचं बिजागर कित्येक महिने निखळलेलं, कुणी न सांगता त्यानं ते बसवलं. हात धुतले आणि विचारलं, "मामा, माझा दाखला कुठंय?"

कोठी आम्ही दोघांनी मिळून सरकवली. कागदाला कसर लागलेली, पण शिक्का शाबूत होता.

सतरा नंबरचा फॉर्म त्यानं स्वतः भरला. ४९ टक्के पडले. त्याचा फ्लेक्स कुणी लावला नाही. ताईनं गल्लीभर पेढे वाटले.

तुमच्या ओळखीत असं कुणी घरी बसलेलं असेल तर मला फोन करा. रविवारी पाबळला जाऊन येऊ, ताईपण येते म्हणालीये. पोराला आधी काही बोलू नका. दाखला तेवढा शोधून ठेवा.