मालकाची हजेरी

स्वतःचा धंदा सुरू करणाऱ्या माणसाला भांडवल कोठून आणणार हे सगळेच विचारतात, पण सकाळी अंथरुणातून उठणार कसा, हे कोणीही विचारत नाही. सोलापुरात माझा शाळेचे गणवेश शिवण्याचा कारखाना आहे. त्याला कारखाना म्हणणे बँकेच्या अर्जापुरते ठीक आहे. प्रत्यक्षात भाड्याच्या दोन खोल्या, कटिंगचे एक टेबल, मोजकी शिलाई मशीन, एक कुरकुरणारे ओव्हरलॉक आणि ही सगळी यंत्रणा माझ्याकडे फारसे लक्ष न देता चालवणाऱ्या काही बायका, एवढाच त्याचा पसारा आहे.

एप्रिल ते जून या काळात मला उत्साह शोधावा लागत नाही. जूनमध्ये शाळा उघडायच्या असतात, बाहेर पारा चाळीस ओलांडून गेलेला असतो, पत्र्याखाली आम्ही आणि कापड सारखेच भाजत असतो आणि दर तासाला कोणी तरी दुकानदार फोन करून "आमच्या हाफ पँटी कुठपर्यंत आल्या?" असे विचारत असतो. खरी परीक्षा ऑगस्ट उलटल्यावर सुरू होते. तेव्हा फोन वाजत नाही, कोणी रागावत नाही, आणि सकाळी आठ वाजता आढ्याकडे पाहत पडलेल्या मालकाला 'ऊठ' म्हणण्याचा अधिकार मालकाखेरीज कोणालाही उरत नाही.

आमच्या शहराला याची सवयच नव्हती. 1877 मध्ये सुरू झालेल्या जुन्या मिलपासून पुढे नरसिंग गिरजी, लक्ष्मी-विष्णू अशा गिरण्यांच्या भोंग्यांवर इथल्या पिढ्या उठल्या आणि जेवल्या. माझे आजोबा गिरणीत होते आणि त्यांना कामाची प्रेरणा कोठून मिळते, असे त्यांना कोणी विचारले असते, तर त्यांनी विचारणाऱ्याला ताप आहे का ते पाहिले असते. भोंगा झाला की निघायचे आणि उशीर झाला की पगार कापला जायचा. आत्मपरीक्षणाला त्यात जागा नव्हती. गिरण्या बंद पडल्या, भोंगे गेले आणि नातवाच्या उशाशी मोबाईलचा गजर आला, जो बोटाच्या एका स्पर्शाने दहा मिनिटे माघार घेतो. इतका मवाळ मुकादम आजोबांच्या गिरणीत टिकला नसता.

त्यातच शेजारी टॉवेलचे यंत्रमाग आहेत. त्यांची खटखट सकाळपासून भिंतीतून येत असते आणि रिकामा बसलेला मी ती माझ्यावर केलेली टीका समजून ऐकत असतो. वीज गेली की ती थांबते; तेवढा वेळ आम्ही दोघे शेजारी समान पातळीवर येतो.

नोकरदार मित्रांना हे दुःख कळत नाही. "काय बे, मालक माणूस तू, तुला कोण बोलणार?" असे ते म्हणतात, चहा पितात आणि पैसे मला द्यायला लावतात, कारण मालक मीच. श्रद्धाळू नातेवाईक मला सिद्धरामेश्वरांचे उदाहरण देतात. बाराव्या शतकात त्यांनी कष्टाला पूजा मानले आणि भक्तांना बरोबर घेऊन तलाव खोदला, हे मला मान्यच आहे. पण तलावाच्या काठावर संध्याकाळी शेंगा खात बसलेल्या मला त्यातून स्फूर्ती येण्याऐवजी एवढेच वाटते की त्यांच्याबरोबर निदान माणसे तरी होती.

सरकार मात्र मला विसरत नाही. ज्या महिन्यात एक रुपयाची खरेदी-विक्री झालेली नसते, त्या महिन्याचेही जीएसटीचे शून्याचे विवरणपत्र पुढच्या महिन्याच्या 20 तारखेपर्यंत भरावे लागते आणि चुकल्यास दिवसाला 20 रुपये विलंब शुल्क पडते. म्हणजे मी काहीही केले नाही हे कळवण्यातही आळस केला, तर त्याचे वेगळे पैसे. छोट्या उत्पादकाचे पैसे जास्तीत जास्त 45 दिवसांत चुकते करावेत, असा 2006 चा कायदाही आहे, आणि तो मी एका दुकानदाराला अत्यंत नम्रपणे वाचून दाखवला होता. त्याने तो शांतपणे ऐकून घेतला, मला पाणी दिले आणि "सोमवारी बघू की" म्हणाला. सोमवार कोणता, हे कायद्यात लिहिलेले नाही.

शेवटी मला उठवतात त्या शिलाईच्या बायका, आणि त्यांतही आमच्या अक्का. त्या घरी तेलुगू, बाजारात कन्नड आणि माझ्याशी मराठी बोलतात. साडेनऊला त्या येऊन कुलूप लावलेल्या दारापुढे पायरीवर बसतात. मी पोहोचलो की काही बोलत नाहीत. फक्त पदराने घाम पुसतात आणि मनगटावर नसलेल्या घड्याळाकडे पाहतात. त्यांना नगावर मजुरी मिळते, त्यामुळे माझी मरगळ थेट त्यांच्या चुलीपर्यंत पोहोचते. त्या धास्तीनेच मी मंदीतही रुग्णालयाच्या चादरींना शिवण घालण्यापासून पिशव्यांपर्यंत मिळेल ते काम आणतो. मध्यंतरी पिशव्यांची एक ऑर्डर मिळाली, तेव्हा अक्कांनी कापडाचा गठ्ठा हाताने दाबून पाहिला, मनातल्या मनात हिशेब केला आणि म्हणाल्या, "दादा, उद्यापासून नऊला उघडायचं. साडेनऊ नको."

मी मान डोलावली. रजा हवी असेल तर अर्ज कोणाकडे करायचा, हे त्यांना विचारायचे राहून गेले.