वाळूमाशी वाळूत नसते भाऊ, आणि धुरानं मरत बी नसते

मागच्या पोस्टमधी मी वाळूमाशी आणि तिच्या चावण्यातून लेकरांना होणारा चांदीपुरा ह्या मेंदूज्वराबद्दल लिहिलं होतं, गोठ्यातल्या शेणाचं आणि फॉगिंगच्या धुराचं बी त्यात होतं. तिच्याखाली एका भावाची चांगलीच खरमरीत प्रतिक्रिया आली. नाव नाही, खाली नुस्तं "एक कॉलनीवाला" एवढंच. तिथंच दोन ओळी लिहून मोकळं व्हावं म्हणून बसलो पण ते इतकं लांबलं की म्हणलं वेगळंच टाकू. ज्यांनी वाचली नाही त्यांच्यासाठी, त्यांचं म्हणणं थोडक्यात असं:

"सर, तुम्ही फुकट घाबरवायलात. चांदीपुरा हा खेड्यातला, मातीच्या घरातला आजार. आम्ही शहरात राहतो, सिमेंटची घरं आहेत. वाळूमाशी वाळूत होते हे नावातच आहे, आमच्या कॉलनीत बांधकामाची वाळू पडलीय तिच्यावर बोलायचं सोडून तुम्ही गरीब गोठेवाल्याच्या मागं लागलात. महापालिका कधी नाही ते फॉगिंग करायलीय तर तुम्ही त्याला नुस्ता धूर म्हणता, उद्या ते बी बंद पडलं मग? आणि तुम्ही डॉक्टर आहात का?"

शेवटून सुरू करतो. नाही, मी डॉक्टर नाही. मी कीटक संग्राहक होतो, म्हणजे सरकारी नोकरीत पगार घेऊन डास आणि माश्या धरणारा माणूस. हे पद ऐकून आमच्या सासऱ्यानं सोयरीक मोडायचीच बाकी ठेवली होती. काम असं की पहाटे अंधारात लोकाच्या गोठ्यात जायचं, बॅटरीचा उजेड भिंतीवर टाकायचा, काचेची नळी किड्यावर धरायची आणि दुसऱ्या टोकाला रबरी नळी तोंडात धरून ओढायचं, मधी जाळी असते म्हणून किडा पोटात जात नाही एवढंच. एका माणसाला एका तासात किती किडे घावले ते लिहायचं, तेच आमचं माप. तर औषधपाण्याचं मी बोलणार नाही, पण भिंतीचं बोलू शकतो, कारण नोकरीची निम्मी वर्षं मी भिंतींकडं बघत काढलेली आहेत.

आता वाळू. भाऊ, ह्या नावानं लई घोटाळा केलाय. रंग वाळूसारखा भुरकट म्हणा, बाकी तिचा आणि वाळूचा काही संबंध नाही. डासाला पाणी लागतं, हिला पाणी नको आणि कोरडं ऊन बी नको. हिला पाहिजे अंधार, थोडी ओल आणि कुजकं काहीतरी, शेण, पालापाचोळा, कोंबड्याची विष्ठा, घुशीच्या बिळातली घाण. त्यात ती अंडी घालते, अळी मातीतच कुजकं खाऊन वाढते आणि अंड्यापासून माशी व्हायला महिना-दीड महिना सहज जातो. ती अळी इतकी बारीक असते की मातीत हुडकणं म्हणजे कडब्याच्या गंजीत सुई. म्हणून डेंग्यूला जे चालतं, कोरडा दिवस पाळा, टाकीत औषध टाका, हौदात गप्पी मासे सोडा, त्यातलं एक बी हिच्यावर चालत नाही, मासा काय मातीत पोहणारय का. तुमच्या कॉलनीतली वाळू ट्रकातून पडून आठ दिवसांत बांधकामाला जात असंल तर तिचं सोडून द्या. हां, पण ढीग दोन वर्षं भिंतीला टेकून पडलाय, वर नळाची गळती आहे आणि कुत्री-मांजरी त्यात घाण करायलीत, तर मग ती वाळू राहिली नाही, उकिरडा झाला.

दिसायला कशी ते परत सांगतो कारण लोकं चिलटालाच वाळूमाशी समजायलेत. दोन-तीन मिलिमीटरची, डासाच्या तिसऱ्या-चौथ्या हिश्श्याएवढी, अंगभर केस, आणि बसली की पंख वर उभे, इंग्रजी व्ही काढावा तसे. डास पंख मिटून बसतो. शिवाय ही गुणगुण करत नाही, चावल्यावरच कळतं. आणि उडणं म्हणाल तर लई दुबळं, टुणकन उडी मारल्यासारखी भिंतीवरून भिंतीवर जाते, वारा असला की बाहेरच पडत नाही. चावते ती फक्त मादी, अंधार पडल्यापासून पहाटेपर्यंत.

हे दुबळं उडणंच सगळ्या गोष्टीची चावी आहे. जी माशी लांब उडू शकत नाही ती तुमच्या घरात चावायली तर ती तुमच्या घराच्या आसपासच कुठंतरी जन्मलीय. आता येतो "शहरात कुठली माशी" ह्यावर. राजस्थानातल्या बिकानेर शहरात वाळूमाशीमुळं कातडीवर जखमा होणारा आजार कित्येक वर्षांपासून आहे. काबूल तर त्या आजाराचं मोठं शहरी केंद्रच, युद्धानं पडलेल्या भिंती, राडारोडा, दाटीवाटी. सीरियातल्या अलेप्पोत तर त्या फोडाला गावाचंच नाव पडलंय. ब्राझीलमधल्या तेरेसिना शहरात 1980 च्या दशकाच्या सुरुवातीला काळा आजार (कालाअजार, हा बी वाळूमाशीमुळंच होतो) शहरात शिरला, तिथं कुत्र्यांमधून माशीला आणि माशीतून माणसाला. आपल्याकडं मराठवाड्यात काळा आजार नाही, तो बिहार, झारखंड, बंगालकडचा, ते मी मागं बी लिहिलं होतं. पण माशीला शहर-खेडं कळत नाही, तिला भेग आणि ओल कळते.

आणि ती आपल्या शहरांत नाही व्हय? जुन्या भागात जाऊन बघा. पांढऱ्या मातीच्या जाड भिंती, वर माळवद, अर्धा वाडा पडलेला आणि उरलेल्या अर्ध्यात भाडेकरू. मधल्या बोळात नालीचं पाणी भिंतीत मुरतंय, तळाचे पोपडे सुटलेत, खाली घुशीनं पोखरलंय. ते सोडा, नव्या प्लॉटिंगमधी तर वेगळीच गंमत, एक रो हाऊस, मधी मोकळा प्लॉट, त्यात कुणाची म्हैस, कुणाच्या शेळ्या, कडेला गवऱ्याचा हुडवा, आणि त्याला चिकटून तुमच्या सिमेंटच्या भिंतीचं जोतं. सिमेंटला भेगा पडत नाहीत असं कुणी सांगितलं तुम्हाला? आमच्याच घराला पाच वर्षांत एवढ्या पडल्या की गुत्तेदाराचा नंबर मी मोबाइलमधून काढून टाकला, बघितला की बीपी वाढायचा.

चांदीपुरा खेड्यातला आजार म्हणलात, तर त्यात तुमचं निम्मं बरोबर आहे, जास्त पेशंट खेड्यातले आणि शहराच्या कडेच्या वस्तीतलेच असतात. पण घाबरवतोय हे मान्य नाही. हा विषाणू सापडलाच आपल्या राज्यात, 1965 मधी नागपूरजवळच्या चांदीपुरा गावात, पुण्याच्या विषाणू संस्थेतल्या शास्त्रज्ञांना तापाच्या पेशंटच्या रक्तात. पुढं कित्येक वर्षं कुणी त्याला विचारलं नाही. मग 2003 ला तेव्हाच्या आंध्रात साथ आली, 329 लेकरं आजारी, त्यातली 183 गेली. करीमनगर, वरंगल हा तो पट्टा, म्हणजे नांदेडवरून एका दिवसात जाऊन यावं इतका जवळचा. 2024 च्या पावसाळ्यात गुजरातेत परत, आणि ती वीस वर्षांतली सगळ्यात मोठी साथ होती. लेकरू सकाळी खेळत असतं, ताप चढतो, उलट्या, झटके, आणि दोन दिवसांत सगळं संपतं. खास औषध नाही, लस नाही. म्हणून लेकराला ताप येऊन झटके आले तर अंगारा-धुपारा न करता, सकाळची वाट न बघता, सरळ मोठ्या दवाखान्यात न्या, एवढंच मी लिहिलं होतं आणि ते परत लिहितो.

आता धूर. ह्यावर मी जरा तावात लिहिलं होतं, कबूल. फॉगिंग डेंग्यूच्या साथीत कामाला येतं, हवेत उडणारे डास त्या घडीला मरतात. पण आपली माशी कुठंय? गाडी फटफटत गल्लीतून जाती तवा ती भिंतीच्या भेगेत, गोठ्याच्या कोपऱ्यात, घुशीच्या बिळात बसलेली असते. धूर रस्त्यावर, माशी भिंतीत. पोरं धुरामागं पळतात, नगरसेवकाचा फोटो निघतो, दहा मिनिटांत धूर विरतो आणि रात्री माशी बाहेर येते. तिला मारायचं तर औषध ती बसते तिथं पाहिजे, म्हणजे घराच्या आणि गोठ्याच्या भिंतीवर, आतून, खालून सहा फुटांपर्यंत. त्याच्या वर सहसा मारत नाहीत कारण ती बहुतेक खालीच बसते. ह्याला आम्ही फवारणी म्हणायचो, धुराळणी वेगळी आणि फवारणी वेगळी. भेगांत मॅलेथिऑन ह्या कीटकनाशकाची पावडर मारतात, गुजरातेत 2024 ला तेच केलं.

फवारणीनं काय होतं त्याचा सगळ्यात मोठा पुरावा तर कुणी मुद्दाम केलेलाच नाही. 1953 पासून देशात हिवतापासाठी घरोघर डीडीटी मारायला लागले, डास मारायला. त्यात वाळूमाशी बी मेली आणि बिहारातला काळा आजार जवळपास दिसेनासा झाला. मग फवारणी थांबली, आणि 1977 पर्यंत तो दणक्यात परत आला. पुढं तिथल्या माशीला डीडीटीची सवय झाली तवा औषध बदलावं लागलं, हे बी खरंय, एकच औषध वर्षानुवर्षं मारलं की असंच होणार.

आणि फवारणीचा दुष्मन कोण माहितंय? पोतारा! आम्ही घर फवारून यायचो, महिन्याभरात पोळा, महालक्ष्म्या, बायका भिंती पोतारून घ्यायच्या, औषध गेलं पांढऱ्या मातीखाली. एका आजीला म्हणलं आई, दोन महिने तरी थांबा, तर म्हणल्या "लक्ष्मी काय तुझ्या वासात बसंल का रे". ह्याच्यावर माझ्याजवळ उत्तर नव्हतं. दुसऱ्या वर्षी आम्हीच तारखा बदलून घेतल्या, सण झाल्यावर गेलो.

गोठेवाल्याचं तुमचं बोलणं मात्र मला लागलं, आणि बरोबर बी आहे. माझी पोस्ट वाचून कुणी "गोठा उठवा" म्हणून अर्ज देणार असंल तर ती चूक माझ्या लिहिण्याची. म्हैस उठवली आणि शेणाचा थर तिथंच राहिला तर माशीचं काहीच बिघडत नाही, उलट रक्ताला जनावर नाही म्हणल्यावर ती माणसाकडं वळंल. त्याच्या पोटावर पाय द्यायची गरज नाही. शेण रोज उचललं, गवऱ्या भिंतीपासून लांब रचल्या, जनावराखालची जमीन कोरडी ठेवली, भिंतीच्या तळाच्या भेगा बुजवल्या आणि फवारणीला गोठा पहिला धरला तर बरंच काम होतं. कॉलनीनं वर्गणी काढून त्याला चार पोती सिमेंट दिलं तर अर्ज लिहिण्यापेक्षा स्वस्त पडंल.

अजून एक चूक माझी, जी तुम्ही काढली नाही पण मीच सांगतो. मी "मच्छरदाणी लावा" असं लिहून मोकळा झालो होतो. साध्या मच्छरदाणीच्या भोकातून ही सरळ आत येते. बारीक विणीची लागते, नाहीतर औषध लावलेली. बारीक विणीत आपल्याकडच्या उन्हाळ्यात झोपणं म्हणजे भट्टीत झोपणं, हे मला कळतंय, मी स्वतः झोपत नाही. पंखा जोरात लावतो, तो वारा तिला सोसत नाही. बाज असंल तर बाजेवर झोपा, खाली भिंतीला चिकटून अंथरूण टाकू नका. आणि भिंतीवर दिसलेली प्रत्येक माशी आजाराची नसते, लई जणी तर पालीचं रक्त पिणाऱ्या असतात, त्यामुळं एक दिसली की लगेच फोन करू नका.

तुमच्या घरी आहे का नाही ते मात्र घरबसल्या बघता येतं. पांढरा कागद घ्या, त्याला दोन्हीकडून एरंडेल तेल चोळा, आणि रात्री मोरीच्या कोपऱ्यात, जिन्याखाली, गोठ्याकडच्या भिंतीच्या भेगेजवळ जमिनीपासून फूट-दीड फुटावर टांगा. सकाळी लेकराचं भिंग घेऊन बघा. पाच-सहा रात्री करा, एका रात्रीत काही कळत नाही, आणि पाऊस उघडल्यावर दमट हवेत केलं तर जास्त घावतात. एक कागद त्या वाळूच्या ढिगावर बी लावा, तुमचं समाधान होईल. कागदाचा फोटो खाली टाका, पंख दिसतील असा जवळून काढा, मागच्या वेळी एकानं टाकलेला फोटो मी अर्धा तास बघितला आणि ती चहापत्ती निघाली.