खुलासा: टी-मॅक्स १०० आणि कॉन्टॅक्ट प्रिंटचं गणित

सायनोटाइप, सॉल्ट प्रिंट किंवा प्लॅटिनम या फोटो छापण्याच्या जुन्या पद्धतींसाठी ‘कोणतीही कृष्णधवल फिल्म चालते, जितकी बारीक ग्रेनची (फिल्मवरच्या चांदीच्या कणांची) तितकी चांगली’ असं सध्या सांगितलं जातं. नव्याने शिकणाऱ्यांचे महागडे कागद यात वाया जातात, म्हणून हा खुलासा.

या पद्धतींत निगेटिव्ह थेट कागदावर ठेवून छापतात; अशी कॉन्टॅक्ट प्रिंट निगेटिव्हच्याच आकाराची येते. प्रतिमा मोठी होत नाही, त्यामुळे ग्रेनचा प्रश्न जवळजवळ उरतच नाही. ४×५ किंवा ८×१० इंची शीटवर ४०० आयएसओची, म्हणजे जाड ग्रेनची फिल्मही निर्धास्त वापरा.

खरी अडचण वेगळी आहे. हे कागद मुख्यतः अतिनील प्रकाशाने छापले जातात. कोडॅकची टी-मॅक्स १०० बारीक ग्रेनची खरी, पण ती अतिनील किरण बऱ्यापैकी अडवते. डोळ्याला निगेटिव्ह स्वच्छ दिसते आणि एक्सपोजर मात्र लांबतच जातं. टी-मॅक्स ४०० मध्ये हा त्रास नाही.

दुसरी गोष्ट कॉन्ट्रास्टची. नेहमीच्या ब्रोमाइड कागदाला साधारण १.० ते १.१ घनतेचा पल्ला (निगेटिव्हच्या सर्वांत गडद आणि सर्वांत पारदर्शक भागांतला फरक) पुरतो. सॉल्ट प्रिंटला १.८ च्या आसपास किंवा त्याहून जास्त लागतो. म्हणून डेव्हलपिंग वाढवल्यावर कॉन्ट्रास्ट नीट चढेल अशी फिल्म निवडा. इल्फर्डची एफपी-४ प्लस यात भरवशाची. एचपी-५ प्लस तितकी चढत नाही. पायरो डेव्हलपर (निगेटिव्हवर रंगीत डाग सोडणारं रसायन) वापरत असाल, तर त्याचा डागही अतिनील प्रकाश अडवतो. अशी निगेटिव्ह नजरेने पातळ वाटली तरी फेकू नका, आधी छापून पाहा.