साथीदारांची नावंही द्या

नव्या स्मूद जॅझ (जॅझचा मवाळ, सुरेल प्रकार) अल्बमांची ओळख करून देताना ‘हे संगीत मागे मंद लावून ठेवायचं, कान देऊन ऐकायचं नव्हे’ असं तुमच्या लेखात म्हटलंय. अजिबात पटलं नाही. सॅक्सोफोनवादक ग्रोव्हर वॉशिंग्टन ज्युनिअरचा १९८०चा ‘वाइनलाइट’ हा अल्बम हेडफोनवर ऐका. सॅक्सोफोन थोडा वेळ बाजूला ठेवा आणि मार्कस मिलरची बेस गिटार नि स्टीव्ह गॅडचे ड्रम्स पकडा. गाणं हलतं ते या दोघांमुळे! आणि मग एरिक गेलची गिटार. मोजकेच स्वर, पण एकही वाया जात नाही.

म्हणूनच लेखातली एक उणीव फार खटकली. इतक्या नव्या अल्बमांची यादी दिलीत, पण साथीला कोण आहे हे एकाही ठिकाणी नाही. ड्रम्स माणसाने वाजवलेत की यंत्रावर प्रोग्राम केलेत, एवढं तरी सांगा. मी नवा अल्बम घेताना सगळ्यात आधी तेच बघतो. प्रोग्राम केलेल्या तालात हाय-हॅटचा (ड्रम्समधल्या झांजांच्या जोडीचा) प्रत्येक ठोका सारख्याच वजनाचा पडू लागला, की वर सॅक्सोफोन कितीही सुरेल असो, तिसऱ्या गाण्यापर्यंत माझं लक्ष उडतं.