‘प्लग लावा आणि एक तास बसा’: घरच्या सॉनाच्या मेसेजला उत्तर

गेल्या दोन महिन्यांत एकच मेसेज मला चार ग्रुपांवरून आला. शेवटचा आला तो नाशिकच्या मामेभावाकडून. खाली त्याने लिहिलं होतं, “दादा, बंगल्याचं काम चालूच आहे, घेऊन टाकू का? तू तर तिथलाच झालास.” मी फिनलंडमध्ये तांपेरेला राहतो. आमच्या इमारतीच्या तळमजल्यावर सगळ्यांचा मिळून एक सॉना, म्हणजे गरम हवेत बसून घाम काढायची लाकडी खोली, आहे, आणि आमची पाळी शुक्रवारी संध्याकाळी सहाला असते. भावाला फोनवर सांगून झालं, पण मेसेज अजून फिरतोच आहे, म्हणून लिहितोय.

मेसेज असा : “घरच्या घरी फिनलंडचा सॉना! फक्त ४ बाय ४ फूट जागा. साधा प्लग लावा. रोज एक तास बसा. घामावाटे शरीरातली सगळी विषं बाहेर. महिन्यात ५ किलो वजन कमी. हृदयविकाराचा धोका निम्म्यावर, फिनलंडच्या शास्त्रज्ञांनी सिद्ध केलंय. कोणताही सुतार दोन दिवसांत बसवून देईल.” सोबत काचेचं दार असलेल्या लाकडी कपाटाचा फोटो.

फोटोपासूनच सुरुवात करू. ते इन्फ्रारेडचं केबिन आहे. त्यात दगड नाहीत, पाणी टाकायला जागा नाही. आतलं तापमान साधारण ४५ ते ६० अंश राहतं, आणि पट्ट्यांमधून येणारी ऊब थेट अंगावर पडते. पाठ शेकायला ते चांगलं असेल, मला त्याच्याशी भांडण नाही. पण त्याला फिनलंडचा सॉना म्हणणं चूक आहे. इथे ५५ लाख माणसं आणि सुमारे ३० लाख सॉना आहेत, २०२० साली युनेस्कोने या परंपरेला वारशाच्या यादीत घेतलं, आणि या सगळ्याच्या मुळाशी एक शब्द आहे : ‘लॉय्ल्यु’. तापलेल्या दगडांवर डावभर पाणी टाकलं की उठणारी वाफ. हवा ८० ते १०० अंशांवर तापलेली पण कोरडी असते, म्हणून ती सोसते. डाव रिता केला की दगड चर्र करतात, मग क्षणभर काहीच होत नाही, आणि नंतर ती वाफ छताखालून फिरून येते आणि कानांच्या पाळ्यांवर, खांद्यांवर उतरते. तेव्हा माणसं बोलायची थांबतात. ज्या पेटीत हे घडत नाही तिला इथलं शाळकरी पोरही सॉना म्हणणार नाही.

आता हृदयविकार. हे संशोधन खरं आहे, म्हणूनच जपून वाचायला हवं. पूर्व फिनलंडमधल्या कुओपिओ भागातल्या २,३१५ मध्यमवयीन पुरुषांवर सुमारे २० वर्षं लक्ष ठेवलं गेलं आणि २०१५ साली निष्कर्ष छापून आले. आठवड्यातून ४ ते ७ वेळा सॉनात जाणाऱ्यांमध्ये हृदय अचानक बंद पडून होणारे मृत्यू, आठवड्यातून एकदाच जाणाऱ्यांपेक्षा बरेच कमी दिसले. म्हणजे तुलना सॉना घेणारे आणि न घेणारे यांच्यात नव्हती. दोन्हीकडचे लोक लहानपणापासून सॉनात जाणारेच. शिवाय हे निरीक्षण आहे. रोज सॉनाला वेळ काढू शकणारा माणूस मुळात धडधाकट आणि निवांत असण्याची शक्यता संशोधक हिशेबात धरतात, पण ती पुरती पुसता येत नाही. आणि तो सॉना दगडांचा, सरासरी ८० अंशांच्या आसपासचा होता. त्या आकड्यांवर इन्फ्रारेडची पेटी विकणं म्हणजे दुसऱ्याच्या गुणपत्रिकेवर आपलं नाव घालणं.

विषं बाहेर टाकायचं काम यकृत आणि मूत्रपिंडं करतात. घाम म्हणजे जवळजवळ सगळं पाणी आणि थोडं मीठ. बाकी जे सापडतं ते नगण्य. वजनाचंही तेच. अर्धा लिटर घाम गेला की काटा अर्धा किलो कमी दाखवतो आणि अर्धा लिटर पाणी प्यायलं की परत जागेवर येतो. प्यायलाच हवं ते.

‘रोज एक तास बसा’ हे मात्र मला धोक्याचं वाटतं. इथे कोणी सलग तासभर बसत नाही. दहा-पंधरा मिनिटं बसायचं, बाहेर येऊन गार व्हायचं, पाणी प्यायचं, वाटलं तर परत आत जायचं. संध्याकाळ अशी जाते, म्हणून बाहेरच्याला वाटतं की तास झाला. हेइनोला गावात सॉनात जास्तीत जास्त वेळ बसण्याची जागतिक स्पर्धा भरायची. २०१० सालच्या अंतिम फेरीत ११० अंशांत सहाएक मिनिटांत शेवटपर्यंत टिकलेले दोन्ही स्पर्धक कोसळले, त्यातला एक दगावला, आणि ती स्पर्धा कायमची बंद झाली. दोघेही सराईत होते. नुकताच हृदयविकाराचा झटका येऊन गेलेला असेल, छातीत दुखत असेल, हृदयाची झडप अरुंद असेल, तर डॉक्टरांना विचारल्याशिवाय आत पाऊल नको. बीपीच्या गोळ्या घेणाऱ्यांनी उठताना सावकाश उठावं, चक्कर येते. आणि दारू पिऊन तर कधीच नाही.

आता प्लग. इन्फ्रारेडच्या छोट्या केबिनपुरतं ते खरं आहे, तेवढी वीज साध्या जोडणीवर मिळते. दगडांच्या हीटरला मिळत नाही. आपल्याकडचा मोठा प्लग १६ अँपिअरचा, म्हणजे जेमतेम साडेतीन किलोवॉटचा. घरगुती सॉनाला साधारण सहा किलोवॉटचा हीटर लागतो आणि तो सिंगल फेजवर २६ अँपिअर ओढतो. भावाच्या ओळखीच्या एका घरी विक्रेत्याने साडेचारचा हीटर “गीझरच्या पॉइंटवर चालतो की” म्हणत जोडून दिला. तिसऱ्या दिवशी प्लग वितळून सॉकेटला चिकटला. जळका वास आला म्हणून घरातल्यांनी मेन स्विच पाडला, नाहीतर काय झालं असतं ते मला लिहवत नाही. एवढा हीटर प्लगवर लावायचाच नसतो. त्याला मीटरपासून स्वतंत्र लाइन, स्वतंत्र एमसीबी आणि शक्यतो थ्री फेज हवं. घराचा मंजूर भार पुरतो का, हे आधी बघा. आणखी एक गोष्ट भावाच्या वायरमनलाही नवी होती : हीटरला जाणारी केबल रबरी, उष्णता सोसणारी लागते. भिंतीत आपण सर्रास घालतो ती पीव्हीसी वायर तिथल्या उष्णतेने ठिसूळ होते.

४ बाय ४ फुटांत एक माणूस गुडघे आखडून बसेल, पण अंग टाकता येणार नाही. भावाने ६ बाय ६ ची जागा, ७ फूट छत ठरवलं. हे झालं साधारण ७ घनमीटर, आणि सहा किलोवॉटला ते सहज जमतं. पण त्याच्या आर्किटेक्टने एक अख्खी बाजू काचेची काढली होती, फोटोत छान दिसते म्हणून. काच उष्णता धरत नाही. उघडी काच, टाइल किंवा वीट यांच्या दर चौरस मीटरमागे, हीटर निवडताना, खोलीच्या घनफळात १.२ घनमीटर वाढवायचे असतात. ती भिंत जवळजवळ ४ चौरस मीटरची, म्हणजे ७ चे १२ घनमीटर झाले आणि सहाऐवजी नऊ किलोवॉटचा हीटर आला. काच काढली, दाराला तेवढी ठेवली.

बसण्याची उंचीही मेसेजवाल्यांना ठाऊक नाही. उष्णता वर साचते. दीड फुटाच्या बाकावर बसलात तर डोकं भाजेल आणि पाय गार राहतील. वरचा बाक छतापासून साडेतीन-चार फूट खाली, आणि पाय टेकायची पायरी दगडांच्या माथ्याइतकी उंच हवी. इथे दोन पायऱ्या चढून बसतात ते यासाठी.

सुतार चांगलाच असतो, पण त्याच्या हाताला प्लाय आणि सनमायकाची सवय. प्लायमधला गोंद त्या उष्णतेत वास सोडतो, डोळे चुरचुरतात. सागाचा मोह होईल, पण जड लाकूड अंगाला चटका देतं. हलकं, गाठी आणि डिंक नसलेलं लाकूड हवं. इथे अ‍ॅस्पेन किंवा आल्डर वापरतात. फळ्यांमागे अ‍ॅल्युमिनियमचा कागद, सांधे टेपने बंद, आणि कागद व फळी यांच्यात हवेची फट, नाहीतर कोकणातल्या पावसाळ्यात तर बुरशीच. बाकाचे स्क्रू खालून मारायचे, तापलेलं धातूचं डोकं मांडीला लागू नये म्हणून. हवा हीटरजवळून आत आणि समोरच्या भिंतीतून बाहेर. दार बाहेर ढकलून उघडणारं, आतून कडी-कुलूप काही नाही. आणि हीटरवर टॉवेल वाळत घालायचा नाही. इथल्या कितीतरी आगी तशाच लागतात.

राहिले दगड. भाऊ म्हणाला, “ते तरी इथलेच घेऊ, आख्खा सह्याद्री काळ्या दगडाचा आहे.” म्हणणं चूक नाही; इथे विकतात तो ऑलिव्हिन डायबेसही आपल्या बेसाल्टचा जवळचा नातेवाईक. पण खाणीतला दगड फोडला की आत छोट्या पोकळ्यांत पांढरे स्फटिक चमकतात, ते झिओलाइट. त्यांच्यात पाणी अडकलेलं असतं आणि तापवलं की ते बाहेर पडतं. नदीतल्या गोट्यांच्या बारीक भेगांतही ओल असते. असा दगड लालबुंद कॉइलवर ठेवून वर पाणी ओतलं तर तडकतो, आणि समोर उघड्या अंगाने माणूस बसलेला असतो. इथे सॉनाचे दगड २० किलोच्या खोक्यात मिळतात आणि सहाच्या हीटरला एक खोकं पुरतं. डिसेंबरात येताना मी माझ्या सामानातून तेवढं घेऊन येतोय, असं त्याला कळवलंय. तोवर त्याने लाइन ओढून घ्यावी.