वॅग

गेल्या गुरुवारी संध्याकाळी सहा वाजून तीन मिनिटांनी माझी बॅग गेली. चोरीला गेली असती तर चार माणसं हळहळली तरी असती. ही मुळात माझी झालेलीच नव्हती, त्यामुळे तिच्या नावाने गळा काढायची मला घरातून परवानगी नाही. "जी आलीच नाही ती गेली कशी?" असं विचारून नवरा पुन्हा मोबाइलमध्ये डोकं घालतो. त्याच्याशी बोलण्यात अर्थ नाही, म्हणून लिहायला बसले.

तर बॅग. खांद्याला तिरकी अडकवायची, डोंगरात-पावसात-धुळीत हिंडायला चालेल अशी, एकच माणूस घरातल्या टेबलावर बसून हाताने कापतो, शिवतो आणि चाळीस झाल्या की विकायला काढतो. मी तिचा फोटो पाहिला तो चार महिन्यांपूर्वी. खाली लिहिलं होतं "लवकरच". मग बकलं आली नाहीत म्हणून तारीख पुढे गेली. मग कापडाचा रंग मनासारखा उतरला नाही म्हणून गेली. मग शिवणाऱ्याचा अंगठा दुखावला. दर वेळी निरोप यायचा आणि निरोपाच्या शेवटी ठरलेलं वाक्य: "आपण दाखवलेल्या संयमाबद्दल आभार." मी संयम दाखवलेला नव्हता. त्यांनी तो माझ्याकडून परस्पर काढून घेतला आणि पावती पाठवली.

पण चार महिने नुसतं बसून काय करणार? मी शिकले. डेनिअर, म्हणजे धाग्याच्या जाडीचं माप, मला कळतं. मेणकापड कुठून आलं तेही सांगते: खलाशी शिडाच्या कापडाला जवसाचं तेल चोपडत, ते कालांतराने पिवळं पडे आणि थंडीत ताठ होई, म्हणून पुढे मेण आलं. चेनचा पहिला अवतार १८९३ साली अमेरिकेत लोकांसमोर आला आणि तो धड लागतही नव्हता. आज आपण ओढतो तशी चेन व्हायला १९१३ उजाडलं. वीस वर्षं! आणि ते चर्रर्र करणारं वेल्क्रो? १९४१ साली एक स्विस इंजिनिअर कुत्र्याला घेऊन फिरायला गेला, कुत्र्याच्या केसांत काटेरी फळं अडकली, ती कशी अडकली हे त्याने सूक्ष्मदर्शकाखाली पाहिलं, आणि पेटंट हाती पडलं १९५५ साली. चौदा वर्षं धीर धरला त्या माणसाने. कुत्र्याचं पुढे काय झालं ते कोणी लिहून ठेवलेलं मला दिसलं नाही.

ही सगळी माहिती मी नवऱ्याला सांगितली आहे. त्याला चेनविषयी काही विचारू नका, तो खोली सोडून जातो.

तर विक्री गुरुवारी सहाला उघडणार असं नक्की झालं आणि दातांच्या डॉक्टरांनी मला त्याच गुरुवारची साडेपाचची वेळ दिली. दाढ आधीच इतकी ठणकत होती की दोन्हींपैकी एकही पुढे ढकलण्यासारखं नव्हतं. साडेपाचची वेळ म्हणजे साडेपाचपासून बाहेर बसण्याची वेळ, एवढं मला कळतं. सहाला मी बाहेरच असणार, फोन हातात असणार, सगळं जुळून येणार. पावणेसहाला मी भिंतीकडची खुर्ची धरली, पत्ता पाठ म्हणून पाहिला आणि फोनमध्ये विक्रीच्या पानावरचं उलटं घड्याळ बघत बसले.

आतून एक काका बाहेर आले. साठी उलटलेली, खालची दाढ नुकतीच काढलेली, एक गाल फुगलेला. मागोमाग मदतनीस मुलगी आली. "काका, अर्धा तास कापूस दाबून बसायचं. अजिबात बोलायचं नाही." काकांनी आज्ञाधारकपणे मान डोलावली. मुलगी आत गेली. काका माझ्या शेजारच्या खुर्चीत बसले. सहा खुर्च्या रिकाम्या होत्या.

"कुठली दाढ?" त्यांनी विचारलं.

मी गालाला बोट लावून दाखवलं. त्यांनी माझ्या फोनमध्ये वाकून पाहिलं.

"वॅग?"

खालचा ओठ बधिर होता त्यांचा. बाकीची अक्षरं कशीबशी निघत होती, "ब" मात्र त्या दिवसापुरता गेला होता.

"हो. बॅग."

"घेताय?"

"सहाला विक्री सुरू होईल."

"आत्ता दुकान वंद आहे?"

"दुकान नाही हो. सहाला पान उघडेल."

"आणि वंद कधी होणार?"

"बॅगा संपल्या की."

"किती आहेत?"

"चाळीस."

"आणि घेणारे?"

हा प्रश्न मी चार महिन्यांत स्वतःला विचारलेला नव्हता. मुद्दामच विचारलेला नव्हता. "असतील हजार-दोन हजार," मी म्हटलं.

काकांनी कापूस दाबला आणि हिशेब केला. हिशेब त्यांच्या कपाळावर दिसत होता. "म्हणजे वॅगेची भरती निघालीय," ते म्हणाले. "चाळीस जागा, दोन हजार अर्ज."

मी घड्याळाकडे पाहिलं. नऊ मिनिटं.

"हे हजार डी काय लिहिलंय?"

आता, हे मला कोणी आपणहून विचारलेलं नव्हतं. चार महिन्यांत कोणीच नाही. मी वळून बसले. "डेनिअर. नऊ हजार मीटर धागा घ्यायचा, त्याचं वजन जितके ग्रॅम तितके डेनिअर. हा हजार आहे, म्हणजे नऊ किलोमीटर धाग्याचं वजन एक किलो."

"नऊ किलोमीटर." काका विचारात पडले. "आणि तो मोजतो कोण?"

"काका, तुम्हाला बोलू नका सांगितलंय ना."

"मी कुठे वोलतोय? तुम्ही वोलताय." मग माझ्या मांडीवरच्या जुन्या बॅगेकडे हनुवटी केली. "ह्या वॅगेला काय झालं?"

झालेलं तसं काहीच नव्हतं. हेच तर दुखणं आहे. पट्ट्याचा एक कोपरा उसवायला आलाय म्हणून मी दाखवला. काकांनी तो दोन बोटांत धरून ओढला, चेन या टोकाची त्या टोकाला नेली, परत आणली, आत डोकावले, एक जुनी पावती काढून वाचली आणि जागच्या जागी ठेवली. "चालतेय की."

"चालतेय की" म्हणणाऱ्या माणसांचं एक गुप्त मंडळ असणार. ती प्रत्येक घरात एक, प्रत्येक दवाखान्यात एक अशी नेमलेली असतात. १९९१ साली आल्प्सच्या बर्फात एक पाच हजार वर्षांपूर्वीचा माणूस सापडला. त्याच्या कमरेला चामड्याची थैली होती, तिच्यात गारगोटीची हत्यारं, हाडाचं टोचण आणि विस्तव पेटवायची वाळकी बुरशी. त्याने नवी थैली करायला घेतली असेल तेव्हाही शेजारच्या गुहेतून कोणीतरी डोकावून म्हणालं असेल, चालतेय की.

"एक वॅग शिवायला किती वेळ लागतो?"

"दोन दिवस, म्हणतात."

"आणि विकायला?"

"गेल्या वेळी चार मिनिटांत गेल्या."

काकांनी कापूस या गालातून त्या गालात नेला. मला वाटतं ते करायचं नसतं. "दोन दिवस शिवायचं. चार महिने लोकांना थांववायचं. आणि चार मिनिटांत विकायचं. चुकतंय काहीतरी."

राग आला मला. कारण नेमकं हेच मी चार महिने मनात घोळवत होते आणि ते एका तोंड बंद ठेवायला सांगितलेल्या माणसाने दहा मिनिटांत म्हणून टाकलं.

चुकतंयच की. हाताने शिवलेली वस्तू सावकाश होते, तिला घाई करू नये, टाके मोजूनमापून पडू द्यावेत, हे मला सगळं मान्य आहे. पट्टा जिथे बॅगेला जोडतात तिथे सुई पुन्हा पुन्हा त्याच जागी मागेपुढे नेऊन घट्ट शिलाई घालतात, सगळं वजन तिथे येतं म्हणून. ती नीट घालायला वेळ लागणार. लागू दे. पण मग ती वस्तू घ्यायला माझा अंगठा शर्यतीतल्या घोड्यासारखा का पळवायचा? नावं लिहून घ्या. माझा नंबर तीनशेवा निघाला तर दीड-दोन वर्षांनी द्या. मी थांबेन. वाट बघायला माझी ना नाही, पण रांग तरी असू द्या. इथे चार महिने थांबलेली मी आणि चार मिनिटांपूर्वी उगवलेला एखादा रिकामटेकडा, दोघं एकाच रेघेवर उभे. आणि त्या रिकामटेकड्याला बॅग हवी असते असंही नाही. त्याच रात्री "एकदाही न वापरलेली" म्हणून दोन बॅगा दुसरीकडे चढ्या भावाने विकायला आलेल्या मी स्वतः पाहिल्या. कापड डोंगरासाठी, शिलाई पावसासाठी, आणि बॅग बसलीय कुणाच्या तरी कपाटात भाव चढायची वाट बघत.

शिवणाऱ्या माणसाचा राग करवत नाही. अंगठा दुखावलेला माणूस, तो रांगा कुठे लावत बसणार? पण म्हणून माझा राग निघून जातो असं नाही, तो नुसता बेवारस होतो.

असो. सहा वाजले.

पान पांढरं झालं. गोल फिरायला लागलं. माझ्या बरोबरीने काकाही श्वास रोखून वाकले. मग बॅग आली. तीन रंग: शेवाळी, राखाडी, मातकट. शेवाळी घ्यायची हे माझं पहिल्या दिवसापासून ठरलेलं. मी अंगठा उचलला, आणि त्याच क्षणी काकांनी "हा काय कप्पा?" असं विचारत कप्प्यावर बोट ठेवलं.

फोनच्या काचेवर बोट ठेवलं.

बकलाचा फोटो उघडला. अख्ख्या काचेभर बकल. मी ते बंद करायला फुली शोधते तर काका बोट काढायला तयार नाहीत. "अरे वा, हे चुंवकाचं आहे," म्हणाले. बोटाला कापसाचा ओलावा होता, त्यामुळे आता काच माझंही ऐकेना. बकल मोठं होई, लहान होई, आडवं होई. शेवटी ओढणीने काच पुसून मी परत आले तेव्हा शेवाळीवर आडवी रेघ होती.

"राखाडी घ्या," काका म्हणाले. "मळखाऊ आहे."

राखाडी टोपलीत पडली. पत्ता भरला. पाठ केलेला पत्ता मी चुकले, तो पुन्हा भरला. ओटीपी आला, टाकला, पुन्हा गोल फिरलं आणि ओळ आली: आपल्या टोपलीतील वस्तू आता उपलब्ध नाही.

टोपलीतली! हातात घेतलेली, टोपलीत ठेवलेली, ती कोणीतरी मागून उचलून नेली आणि वर मलाच कळवलंय. मग ती टोपली कसली? नुसता टोपलीचा फोटो.

"गेली?" काकांनी विचारलं.

"गेली."

"वरं. चार महिने काढलेत, आता सवय झालीय." आणि माझ्या खांद्यावर थोपटलं. त्यांच्या मनात सहानुभूतीच होती, हे मला आता कळतं. तेव्हा त्यांची दुसरी दाढही काढावी असं वाटलं.

माझं नाव पुकारलं. आत गेले, पाळण्यासारख्या त्या खुर्चीत आडवी झाले, सुई टोचली, दिवा डोळ्यांवर आला. "मोठा आ करा. आणि थोडा धीर धरा हं," डॉक्टर म्हणाले. मी धरला. माझ्याइतका सराव त्यांच्या कुठल्याच पेशंटला नसेल. तोंडात नळी, हात पोटावर, आणि पायाशी ठेवलेल्या जुन्या बॅगेत फोन थरथरला. थोड्या वेळाने परत थरथरला. मी "अं" केलं. डॉक्टरांना वाटलं दुखतंय, त्यांनी आणखी एक इंजेक्शन दिलं.

ते दोन निरोप मी सातला वाचले. पहिला सहा पंचवीसचा: काहींचे पैसे पूर्ण भरले न गेल्याने तीन बॅगा पुन्हा उपलब्ध, त्यांत एक शेवाळी. दुसरा सहा एकोणतीसचा: त्याही संपल्या, आपण दाखवलेल्या संयमाबद्दल आभार.

मी बाहेर आले तर काका तिथेच. रक्त थांबेना म्हणून त्यांना बसवून ठेवलं होतं. का थांबत नाही याचं मदतनीस मुलीला मोठं नवल वाटत होतं. ती नवा कापूस घेऊन उभी होती.

"आता परत अर्धा तास," ती त्यांना म्हणाली. "आणि काका, एक शब्द नाही."

काकांनी मान डोलावली, कापूस दाबला आणि ती पाठमोरी होताच माझ्याकडे वळले. माझा चेहरा पाहून भुवया उडवल्या.

"परत तीन वॅगा आल्या होत्या," मी म्हटलं. "त्याही गेल्या."

माझ्या तोंडून ते कसं निघालं हे आम्हा दोघांना एकदमच ऐकू आलं. काका क्षणभर माझ्या ओठाकडे बघत राहिले. मग अगदी हळू आवाजात, आपल्यातल्या माणसाला विचारावं तसं त्यांनी विचारलं, "पुढची भरती कधी?"