पाच दिवसांत साथ शोधणारी माणसं तयार होत नाहीत

"फील्ड एपिडेमिऑलॉजिस्ट (प्रत्यक्ष जागेवर जाऊन साथीचं कारण शोधणारे तज्ज्ञ) घडवण्यात दोन वर्षं कशाला घालवायची? माणूस तेवढा काळ कामावरून जातो, आणि शिकून लोक निघून जातात. चांगली लॅब, एक सॉफ्टवेअर आणि साथ आल्यावर पाच दिवसांचं प्रशिक्षण पुरे." हा संदेश बराच फिरतोय. त्यातला एकेक दावा तपासू.

पाच दिवस पुरे? तेवढ्यात फॉर्म भरायला शिकवता येतं, तपास करायला नाही. समजा, जुलाबाच्या साथीत 40 पैकी 30 रुग्ण एकाच टाकीचं पाणी प्यायलेले निघाले. नवखा माणूस टाकीवर ठपका ठेवून मोकळा होतो. शिकलेला माणूस त्याच वस्तीतल्या 80 निरोगी लोकांनाही तेच विचारतो. त्यांतले 60 जण तेच पाणी प्यायले असतील, तर दोन्हीकडे प्रमाण 75 टक्केच, म्हणजे टाकीवर ठपका ठेवायला हा पुरावा पुरत नाही. टाकीत क्लोरीन जरूर टाका, पण शोध तिथेच थांबवला तर रुग्ण येतच राहतील.

लाइन लिस्टमधली (एका ओळीत एक रुग्ण अशी साथीतल्या रुग्णांची यादी) नेहमीची चूक म्हणजे लक्षणं सुरू झाल्याच्या तारखेऐवजी दवाखान्यात दाखल झाल्याची तारीख लिहिणं. त्याने साथीचा आलेख पुढे सरकतो आणि त्यावरून मागे मोजून काढलेला संसर्गाचा दिवसही चुकतो. बरोबर तारीख विचारणं खऱ्या साथीत, चूक दाखवणारा मार्गदर्शक सोबत असतानाच अंगवळणी पडतं.

नायजेरियाने फील्ड एपिडेमिऑलॉजिस्टचं प्रशिक्षण 2008 मध्ये सुरू केलं होतं. 2014 मध्ये लागोसला इबोला पोचला तेव्हा माणसं हाताशी होती. रुग्णांच्या संपर्कात आलेल्या सुमारे 900 लोकांवर 21 दिवस पाळत ठेवली गेली आणि साथ 20 रुग्णांवर थांबली.

माणूस दोन वर्षं कामावरून जातो? दोन वर्षांचा अभ्यासक्रम सर्वांत वरच्या पातळीचा, आणि त्यातलाही बहुतेक काळ क्षेत्रातच जातो. फ्रंटलाइन, म्हणजे सर्वांत खालची पातळी, साधारण तीन महिन्यांची. वर्गातले दिवस मोजकेच, बाकी वेळ आपल्याच जागी काम.

सॉफ्टवेअरला भरलेलंच दिसतं. अहवाल न पाठवणाऱ्या केंद्राचा रिकामा रकाना 'शून्य रुग्ण' म्हणून वाचला जातो. लॅबचंही तेच: अँटिबायोटिक सुरू झाल्यावर नमुना घेतला, तर कल्चरमध्ये (नमुन्यातले जंतू वाढवून पाहण्याच्या चाचणीत) बऱ्याचदा जंतू वाढतच नाही.

"शिकून लोक निघून जातात" यात मात्र तथ्य आहे. बॉन्डने माणूस काही काळच अडतो. जिल्हा पातळीवर मंजूर पद, बढतीची वाट आणि तपासाला निघायला गाडी, हे प्रशिक्षण सुरू होण्याआधीच ठरलेलं हवं.